अवयव, अवयवी आणि सांभाळ

ज्या वस्तूचे भाग एकामागून एक बदलत जातात ती वस्तू अखेरीस तीच राहते काय, हा प्रश्न ग्रीक आणि भारतीय अशा दोन्ही विचारपरंपरांमध्ये फार जुना आहे, आणि दोन्हीकडे तो मांडताना उदाहरण घेतले गेले ते वाहनाचे. प्लुटार्कने लिहिलेल्या थीसिअसच्या चरित्रात असे सांगितले आहे की, थीसिअस ज्या तीस वल्ह्यांच्या जहाजातून परतला ते जहाज अथेन्सच्या नागरिकांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या जतन केले, त्याची कुजलेली फळी काढून तिथे नवी, भक्कम फळी ते बसवत राहिले, आणि मग हे जहाज तेच की दुसरे यावर तत्त्वज्ञांमध्ये दोन तट पडले. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा ज्या रथातून आला त्या रथाचा दांडा म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके, साटा, जू, लगाम यांपैकी रथ नेमका कोणता, असे नागसेन एकेक करून विचारतो आणि प्रत्येक वेळी राजाला नकार द्यावा लागतो. त्या जहाजाचे आणि त्या रथाचे आज काही उरलेले नाही, परंतु युरोपात आणि अन्यत्र जुन्या कॅम्पर व्हॅन सांभाळणारी माणसे हाच प्रश्न हातात पाना आणि वेल्डिंगची टॉर्च घेऊन सोडवत असतात, आणि त्यांच्या कामाकडे नीट पाहिले तर ग्रंथांतून सहज न दिसणारी एक बाजू समोर येते.

कॅम्पर व्हॅन म्हणजे जिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि थोडे सामान ठेवण्याची सोय केलेली असते अशी गाडी. या प्रकारातील सर्वांत परिचित गाडी म्हणजे जर्मनीची फोक्सवॅगन टाइप टू. बेन पॉन या डच विक्रेत्याने १९४७ मध्ये आपल्या वहीत मागे इंजिन आणि पुढे चालक अशा एका पेटीसारख्या गाडीचे रेखाटन केले, त्यावरून ८ मार्च १९५० रोजी वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले आणि १९५६ मध्ये ते हॅनोव्हरला हलवले गेले. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने १९५१ पासून या गाडीत घरगुती सामान बसवण्यास आरंभ केला. इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर या कंपनीने कापडी भिंतींचे, बाजूने उघडणारे छत असलेल्या ‘डॉर्मोबाइल’ गाड्या लोकप्रिय केल्या. १९६७ पर्यंतच्या गाड्यांची पुढची काच दुभंगलेली होती, त्यानंतर ती एकसंध, बाहेर फुगलेली झाली. ब्राझीलमध्ये तर या दुसऱ्या पिढीच्या गाड्या २०१३ च्या अखेरीपर्यंत तयार होत होत्या. म्हणजे ज्या गाड्यांना आज अभिजात म्हटले जाते त्यांतील बहुतेकांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे, आणि इतक्या वयाच्या पत्र्याच्या गाडीत मूळचे काय आणि किती उरले आहे हा प्रश्न मालकाला रोजच्या व्यवहारात टाळता येत नाही.

तो प्रश्न प्रथम गंजाच्या रूपाने येतो. या गाडीला वेगळी सांगाडाचौकट नसते. तळाचे लांब तुळईसारखे भाग, त्यांना जोडणारे आडवे भाग आणि वरची पत्र्याची पेटी हे सर्व वेल्डिंगने एकजीव केलेले असते, त्यामुळे गाडीचे बळ कोणत्याही एका भागात नसून सर्वांच्या जोडणीत असते. दारांखालच्या पट्ट्यांत, चाकांच्या कमानींत, काचेच्या रबराखाली आणि छताच्या पन्हाळीत पाणी साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो, बाहेरून मात्र पुट्टी आणि रंगाचा थर कित्येक वर्षे शाबूत दिसतो. चाक बदलण्यासाठी बाजूच्या ठरावीक ठिकाणी जॅक लावला आणि तो फिरवू लागले की सुदृढ गाडी सगळीच्या सगळी वर उचलली जाते. त्या ठिकाणचा आधार गंजलेला असेल तर पत्रा चुरचुरत दबतो, तांबूस पापुद्रे जमिनीवर पडतात, जॅक आत शिरतो आणि गाडी जागची हलत नाही.

न्यायदर्शनाच्या अभ्यासकाला या दृश्यात एक ओळखीचा युक्तिवाद दिसेल. न्यायमताप्रमाणे घट, पट यांसारखी वस्तू ही अवयवांचा, म्हणजे भागांचा, केवळ ढीग नसते; त्या भागांत समवाय नावाच्या अविभाज्य संबंधाने राहणारा ‘अवयवी’, म्हणजे संपूर्ण वस्तू, हा स्वतंत्र पदार्थ असतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत याचे एक प्रमाण धारण आणि आकर्षण हे दिले आहे: वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते आणि एक भाग ओढला की सगळी ओढली जाते, जे वाळूच्या ढिगाच्या बाबतीत घडत नाही. बौद्धांनी यावर असा आक्षेप घेतला की, एकत्र ओढले जाणे हे चिकटून राहण्याचे कार्य आहे, त्यासाठी वेगळा अवयवी मानण्याची गरज नाही. हा वाद शतकानुशतके चालला आणि त्याचा निकाल येथे लावण्याचे कारण नाही, परंतु जॅकचा अनुभव त्यात एक बारीक भर घालतो. गंजलेला आधार दिसायला गाडीचा भाग असतो, कागदोपत्री तो मूळचा, कारखान्यातून आलेला असतो, आणि तरीही तो गाडीला धारण करत नाही. उलट पन्नास वर्षांनी दुसऱ्याने कापून, वाकवून आणि वेल्डिंग करून बसवलेला नवा आधार ते काम पूर्णपणे करतो. मूळचे असणे आणि अवयव असणे या दोन गोष्टी एकच नाहीत, हे येथे तर्काआधी हाताला कळते.

मात्र न्याय-वैशेषिकांचे मत शेवटपर्यंत नेले तर मालकाची पंचाईत होते, कारण या परंपरेनुसार एकही अवयव नष्ट झाला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या व नव्या अवयवांपासून दुसराच अवयवी उत्पन्न होतो. ‘ही तीच गाडी’ ही ओळख, जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, ती मग सादृश्यावर आधारलेली ठरते. जैन दर्शनाने उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे उपजणे, नाहीसे होणे आणि टिकणे, ही तिन्ही सत्‌ वस्तूची एकाच वेळची लक्षणे मानली आणि सोन्याचा घट मोडून मुकुट केला तरी सोने टिकते हे उदाहरण दिले. पण ज्या गाडीचे पोलादच बदलले जाते तिथे टिकणारे सोने कोणते, हे ते उदाहरण सांगत नाही. नागसेनाचे उत्तर सर्वांत मोकळे आहे. रथ हे भागांच्या विशिष्ट जुळणीवर ठेवलेले व्यवहारातले नाव आहे, त्यामागे वेगळे सत्त्व नाही, आणि काळातल्या सातत्याबद्दल विचारले तर रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला आहे: पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही, तिथे एक संतान, म्हणजे अखंड प्रवाह, आहे.

आधुनिक शासनव्यवस्थेनेही या प्रश्नाला आपले उत्तर दिले आहे, आणि ते उपहासाने घेण्याजोगे नाही. ब्रिटनमध्ये, मुळापासून बदललेल्या गाडीला तिचा जुना नोंदणी क्रमांक ठेवता यावा की नाही हे ठरवण्यासाठी अनेक वर्षे गुणांची पद्धत वापरली गेली: सांगाडा किंवा एकसंध पेटी यांस ५ गुण, निलंबन, आस, गिअरबॉक्स आणि सुकाणू यांस प्रत्येकी २, इंजिनास १, आणि एकूण १४ पैकी किमान ८ गुण मिळाले पाहिजेत. सांगाडा मूळचाच असला पाहिजे असाही आग्रह नव्हता. मूळ नमुन्याबरहुकूम नवा असला तरी त्याचे ५ गुण मिळत. रथाचा कोणताच भाग रथ नाही हे मान्य करूनही काही भाग रथपणाला अधिक जवळचे आहेत, असा हा निवाडा आहे. नागसेनाने भागांत असा श्रेष्ठ-कनिष्ठ भेद केला नाही, कारण त्याला रथाचे निमित्त करून आत्म्याच्या कल्पनेचे निरसन करायचे होते. व्यवहाराला मात्र क्रम लावावा लागतो, आणि गुणांची ही पद्धत वस्तूच्या एकत्वाला हो किंवा नाही असे एकच उत्तर न देता त्याचे प्रमाण मोजते, ही गोष्ट तत्त्वज्ञांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी होती.

तरीही गुणांच्या तक्त्यात एक अवस्था बसत नाही, ती म्हणजे गाडी संपूर्ण उकललेली असते ती अवस्था. मोठ्या दुरुस्तीत इंजिन, काचा, दारे, आसने, तारा, ब्रेकच्या नळ्या सर्व काढले जाते, उघडी पेटी एका फिरत्या चौकटीवर आडवी केली जाते आणि हे काम कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे चालते. या काळात गाडी आहे असे म्हणावे काय? चालणारी, धारण करणारी, ओढली जाणारी अशी कोणतीच वस्तू तेव्हा नसते. भारतीय धार्मिक परंपरेत याला समांतर असा एक विधी आहे. मंदिराचा जीर्णोद्धार करताना आगमग्रंथांनी असे सांगितले की, काम सुरू होण्यापूर्वी देवतेची कला, म्हणजे सामर्थ्य, मंत्रांनी कुंभात आकर्षून घ्यावी, तात्पुरत्या लहान मंदिरात, ज्याला बालालय म्हणतात, तिथे तिची पूजा चालू ठेवावी आणि वास्तू पूर्ण झाल्यावर ती पुन्हा मूळ स्थानी प्रतिष्ठित करावी. दगड बाजूला काढलेले असताना मंदिराचे मंदिरपण कुठे असते, या शंकेला विधीने दिलेले उत्तर असे आहे की, ते पूजेच्या अखंडतेत असते. मधल्या काळात एकही दिवस पूजा चुकवायची नाही. यंत्रात देवता मानण्याचे कारण नाही, परंतु उकललेल्या गाडीच्या बाबतीतही काहीतरी अखंड ठेवले जाते आणि ते डोळ्यांनी दाखवता येते. प्रत्येक बिजागराचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून तिच्यावर डावे दार, वरचे बिजागर असे लिहिलेले असते, तारांच्या टोकांना चिठ्ठ्या बांधलेल्या असतात, उकलताना काढलेली छायाचित्रे क्रमाने लावलेली असतात. हे सर्व ज्याने केले तो माणूस मध्येच वारला किंवा त्याने खोकी विस्कटून विकली तर तेच पत्रे आणि तेच स्क्रू भंगार होतात, जरी त्यांतला एकही कण हरवलेला नसला तरी.

जॉन लॉकने वनस्पती आणि प्राणी यांचे एकत्व द्रव्यावर न ठेवता एकाच जीवनाच्या सातत्यावर ठेवले होते: रोपाचे झाड होते, द्रव्य बदलते, पण आतली जगण्याची व्यवस्था चालू राहते. यंत्राला असे आतले जीवन नसते, ते स्वतःची झीज स्वतः भरून काढत नाही. दिव्याच्या दाखल्यातही ज्योत प्रहरामागून प्रहर टिकते ती कोणीतरी तेल घालतो आणि वात सारतो म्हणून, आणि मिलिंदपञ्हातील त्या चर्चेत हा तेल घालणारा येत नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे त्याच्याविषयी आहे. जुन्या गाडीचे एकत्व तिच्या पत्र्यात शोधले तर हाती लागत नाही आणि ते केवळ नाव आहे असे म्हटले तर माणसे त्यासाठी करतात ते कष्ट समजत नाहीत. ते एकत्व सांभाळण्याच्या अखंड क्रियेतून निर्माण होते आणि ती क्रिया चालू असेपर्यंत टिकते.

सांभाळणे हा शब्द ढोबळ वाटू नये म्हणून त्यातले एक काम जवळून पाहणे इष्ट ठरेल. या गाडीच्या मागच्या बाजूला चार सिलिंडरचे, पाण्याऐवजी हवेने थंड होणारे इंजिन असते आणि त्याच्या व्हॉल्व्हना उघडणारे दांडे व व्हॉल्व्हची टोके यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. १६०० सीसीच्या इंजिनात ती ०.१५ मिलिमीटर असते. भारतातले मेकॅनिक याला टॅपेट सेट करणे म्हणतात. दर ५,००० किलोमीटरच्या आसपास, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, गाडीखाली आडवे होऊन तारेच्या कडीने धरलेले झाकण काढायचे, पहिला सिलिंडर ठरावीक स्थितीत आणायचा, फीलर गेजची पातळ पाती फटीत सरकवून नट सैल करायचा, स्क्रू फिरवायचा, पाती किंचित अडत सरकेल इतकाच घट्ट करायचा, मग पुली हाताने अर्धा फेरा उलटी फिरवून दुसऱ्या सिलिंडरकडे वळायचे. तिसऱ्या सिलिंडरकडे जाणकार विशेष लक्ष देतात, कारण १९७१ च्या मॉडेलपूर्वीच्या इंजिनांत तेल थंड करणारी जाळी त्याच्या हवेच्या वाटेत असल्यामुळे तो इतरांपेक्षा अधिक तापतो. त्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट प्रत्येक वेळी कमी झालेली आढळली तर व्हॉल्व्ह ताणला जात आहे असे समजायचे, आणि ते वेळेवर कळले नाही तर एके दिवशी त्याचे डोके तुटून पिस्टन फोडते. म्हणजे हे काम केवळ दुरुस्ती नसते, ते वाचनही असते. मागच्या वेळची फट ज्याने वहीत लिहून ठेवली त्यालाच या वेळच्या फटीचा अर्थ लागतो. गाडीला स्वतःची स्मृती नाही, ती वहीत आणि हातात असते, आणि गाडी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा ही वही बरोबर गेली नाही तर प्रवाहात खंड पडतो, चाके तीच असली तरी.

येथे एक नैतिक शंका उपस्थित होते आणि ती गंभीर आहे. नाशवंत वस्तूवर इतके प्रेम करणे ही आसक्तीच नव्हे काय? ज्या परंपरांनी रथाचे विश्लेषण केले त्यांचा हेतू वस्तूवरची पकड सुटावी हा होता, आणि अपरिग्रहाचा, म्हणजे साठवण न करण्याचा, उपदेश जैनांनी याहून कडकपणे केला. काही गाड्यांच्या बाबतीत ही शंका पूर्णपणे खरी ठरते. प्रदर्शनासाठी सजवलेली, ट्रेलरवर चढवून नेलेली, जिच्या आसनांवर कोणी बसत नाही अशी गाडी ही पकडीचेच उदाहरण आहे. परंतु या यंत्राची घडण अशी आहे की पकड त्याला मानवत नाही. उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल शिळे होऊन कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत राळेसारखे बसते, ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते आणि चाकांतले पिस्टन गंजून अडकतात, रबरी सील कडक होतात, इंधनाची जुनी नळी चिरते आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकून गाडी पेटण्याचा धोका निर्माण होतो. चालवणे हाच तिच्या जतनाचा एक भाग आहे, आणि चालवणे म्हणजे झिजवणे. जी वस्तू भोगल्याशिवाय टिकत नाही आणि भोगली की झिजते तिच्याशी राहण्याची रीत म्हणजे, ईशावास्य उपनिषदाने आरंभीच सुचवलेला, त्यागपूर्वक भोग होय. तिथला आशय सर्व जगाविषयी आहे, पण त्याची शिकवण इतकी मूर्त स्वरूपात क्वचितच अनुभवाला येते.

भोगाचे स्वरूपही येथे लक्षात घ्यावे लागते. चालक पुढच्या चाकांच्या वर बसतो, समोर बोनेट नसते, सपाट तोंडाला वारा थेट भिडतो, आणि इंजिनाचे बळ पहिल्या गाड्यांत २५ अश्वशक्ती होते आणि १९६८ च्या सुमारासही पन्नाशीच्या आतच होते, त्यामुळे घाटात ट्रकच्या मागे सावकाश चढणे ही नित्याची गोष्ट असते. या मंदपणात इंजिनाचा आवाज, तेलाचा वास आणि उताराला लागणारा वेळ यांकडे चित्त सतत असते. सकाळी छत उचलून, दार सरकवून, छोट्या शेगडीवर चहा ठेवणाऱ्या प्रवाशाचे सुख खरे आहे, आणि त्या सुखाला आदल्या आठवड्यात गाडीखाली घालवलेल्या वेळेपासून वेगळे काढता येत नाही.

विजेवर चालणाऱ्या रूपांतराचा प्रश्न या दृष्टीने पाहिला तर वेगळा दिसतो. फोक्सवॅगनने स्वतः २०२० मध्ये एका जुन्या दुभंग काचेच्या गाडीत ६१ किलोवॉटची विद्युत मोटर आणि ४५ किलोवॉट-तासांची बॅटरी बसवून दाखवली. ब्रिटिश तक्त्याने मोजले तर इंजिन गेल्याने एकच गुण कमी होतो. धुराचा विचार करता अशा बदलाच्या बाजूने बरेच म्हणता येते आणि ते नाकारणे बरोबर होणार नाही. मात्र टॅपेटची फट, पॉइंटची फट, तिसऱ्या सिलिंडरची काळजी हे जे ज्ञान सत्तर वर्षे हातोहात आले ते त्या गाडीपुरते थांबते. पत्रा टिकतो आणि विद्या संपते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेत वाहनांचा रस्त्यावरचा प्रत्यक्ष वापर आणि त्यांच्या देखभालीची पारंपरिक विद्या पुढच्या पिढीला देणे या दोन गोष्टी एकत्र जोडल्या आहेत, आणि ती जोडणी योग्य आहे. मूळ इंजिन तेल लावून जपून ठेवलेले असेल आणि पेटी न कापता मोटर बसवलेली असेल, तर प्रवाह वळवला गेला असे म्हणता येईल, तो तोडला गेला असे नव्हे.

टॉमस हॉब्जने १६५५ मध्ये थीसिअसच्या जहाजाला एक जोड दिली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? या गाड्यांच्या बाजारात ही नुसती कल्पना राहिलेली नाही, कारण एका गाडीचा चासी क्रमांक असलेला तुकडा कापून दुसऱ्या पेटीवर डकवणे ही फसवणूक तिथे घडते आणि कायदा तिला गुन्हा मानतो. सांभाळाची कसोटी येथे सरळ उत्तर देते. ज्या गाडीची देखभाल खंड न पडता झाली ती गाडी तीच. खरी अडचण उलट बाजूने येते. एखाद्या धान्याच्या कोठारात चाळीस वर्षे कोणी हात न लावलेली गाडी सापडते, तिचा रंग, काचा, पडदे सर्व पहिले असते, तिला मात्र सांभाळणारा कोणी नव्हता. ती तीच गाडी नाही असे कोणीही म्हणणार नाही, आणि मग सांभाळावर उभारलेले सर्व विवेचन कोसळते असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः मान्य करावा लागतो: द्रव्य काही काळ स्वतःच्या बळावर वस्तूला धरून ठेवते, जसे तेल घालणारा उठून गेल्यावरही पणतीत उरलेल्या तेलावर ज्योत जळत राहते. पण कोठाराच्या ओलाव्यात तळाच्या पत्र्यावर गंजाचे काम चालूच असते आणि ती मुदत किती हे बाहेरून दिसत नाही. अशी गाडी हाती येणाऱ्या माणसापुढे दोन वाटा असतात: सर्व खरवडून तिला कारखान्यातून निघाल्यासारखी नवी करणे, किंवा गंज थांबवून, ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या बदलून, फिकट झालेला रंग आणि झिजलेले पायदान तसेच ठेवणे. तुरिन सनदेचा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, आणि तिचे कारण शोभेत नाही. खरवडलेला रंग परत आणता येत नाही, ठेवलेला रंग मात्र पुढचा मालक कधीही खरवडू शकतो; म्हणून ज्याच्याकडे गाडी आज आहे त्याने तिच्याविषयीचा निर्णय जितका थोडा आणि जितका उलटवण्याजोगा ठेवता येईल तितका ठेवावा, आणि तोपर्यंत वहीच्या पहिल्या पानावर ती कुठे, कोणत्या अवस्थेत सापडली आणि तिच्यातले काय बदलले हे तारखेनिशी लिहावे.